पान १०८, ओळ ९ : जादूगारकाकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुमचं नाव कुठेही छापायचं नाही, ही तुमची अट. ती पाळूनच हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. आभार खासगीत मानले असते, तर इतर वाचनालयांना त्यातून काहीच मिळालं नसतं.

आमचं वाचनालय ‘ड’ वर्गातलं, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाचं; बालविभाग म्हणजे दोन कपाटं. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन आम्ही नेमाने करतो. प्रतिमापूजन होतं, पाहुणे ‘वाचाल तर वाचाल’ सांगतात, शेवटी बिस्किटं वाटतात. मुलं बिस्किटं घेऊन घरी जातात आणि पुस्तकं कपाटातच राहतात. यंदा तुम्ही आलात. तुमच्या तासाभराच्या खेळात ‘वाचा’ हा शब्द एकदाही आला नाही, आणि सगळ्यात आधी मला त्याचेच आभार मानायचे आहेत.

रुमाल, दोरी, गिली गिली छू हे सगळं झालंच, पण मुलांना धरून ठेवलं ते आकड्यांच्या खेळाने. तीन आकडी संख्या मनात धरा, पहिला आणि शेवटचा अंक वेगळा हवा. ती उलटी लिहा, मोठीतून लहान वजा करा. आलेलं उत्तर पुन्हा उलटं करून त्यातच मिळवा. कुणी ७४२ धरले : ७४२ वजा २४७ म्हणजे ४९५, त्यात ५९४ मिळवले की १०८९. मग टेबलावरचं जाडजूड पुस्तक एका मुलाच्या हाती देऊन तुम्ही म्हणालात, “पान १०८, ओळ ९, पहिला शब्द मनातल्या मनात वाच.” आणि तो शब्द तुम्ही पाठमोरे उभे राहून सांगितलात! (ते पुस्तक तुम्ही खेळाच्या आधी माझ्याकडून चाळायला मागून घेतलं होतं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं. आता सांगून टाकलं.)

मागच्या रांगेतली एक मुलगी उठून म्हणाली, “माझं १९८ आलं.” तिने ४२३ धरले होते : ४२३ वजा ३२४ म्हणजे ९९, उलटे केले तरी ९९, म्हणून बेरीज १९८. दुसऱ्या कुणी ‘वजाबाकी नीट कर’ म्हणून तिला खाली बसवलं असतं. तुम्ही म्हणालात, “तुझं बरोबर आहे. ९९ च्या आधी एक शून्य लिही आणि मग उलटं कर.” तिने ०९९ लिहिले, ९९० मिळवले, १०८९ आले. “पण शून्य का लिहायचं?” या प्रश्नावर मात्र तुम्ही नुसतं कपाटाकडे बोट दाखवलंत. ती गणितातल्या गमतींचं पुस्तक घरी घेऊन गेली आणि परत आली ती सांगायलाच, की वजाबाकी नेहमी ९९ च्या पाढ्यातच येते, मधला अंक कायम ९ आणि कडेच्या दोघांची बेरीजही ९. हे शाळेत शिकवलं असतं तर तिने वहीत उतरवून घेतलं असतं, एवढंच.

त्या दिवसापासून आमच्याकडे नवंच खूळ शिरलं आहे. मुलं कपाटातलं कुठलंही पुस्तक काढतात आणि थेट पान १०८ उघडतात. “तुझ्या १०८ वर काय आहे?” तिथे गोष्ट ऐन मध्यात आलेली असते. कुणी विहिरीत पडलेला असतो, कुणी घर सोडून निघालेला. तो तिथे कसा पोचला हे कळायला मागे जावं लागतं, मग पुस्तक घरी न्यावंच लागतं. देवघेवीच्या नोंदवहीत बालविभागाची पानं भराभर भरू लागली आहेत. पातळ पुस्तकांना १०८ वं पानच नसतं, म्हणून ती बिचारी मागे पडली, ही एक नवी अडचण.

दुसरा खेळ तो कोऱ्या पुस्तकाचा. पानं फडफडवली की कोरी, फुंकर मारली की चित्रं, पुन्हा फुंकर की रंगीत. ‘हा चमत्कार नाही, हातचलाखी आहे’ हे तुम्ही बजावून सांगितलंत, आणि रेजिनाल्ड स्कॉटची हकिकतही. चेटकीण ठरवून माणसं मारली जात होती त्या काळात, १५८४ साली, इंग्लंडमधल्या या गृहस्थाने असल्या युक्त्या कशा करतात ते पुस्तक लिहून उघड केलं, आणि फुंकर मारायचं पुस्तकही त्यात आहे. आमच्या भागात अंगात येणं, भानामती हे विषय अजून दबक्या आवाजात निघतात. त्यामुळे ही हकिकत मुलांपेक्षा मागे उभ्या असलेल्या आयांनी जास्त कान देऊन ऐकली, असं मला वाटलं.

तुमच्या सांगण्यावरून जादूची पुस्तकं वेगळ्या कप्प्यात लावली आहेत. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युई वर्गीकरणातला त्यांचा क्रमांक, ७९३.८, ठळक लिहून डकवला आहे. मुलं आता ग्रंथपालाच्या थाटात “सातशे त्र्याण्णव पॉइंट आठ द्या” म्हणतात.

मानधन नाकारून तुम्ही फक्त एसटीचं भाडं घेतलंत. समितीने मानधनाच्या वाचलेल्या रकमेतून जाड बालपुस्तकं घ्यायचं ठरवलं आहे, १०८ पानांच्या वरची. यादी तुम्ही सुचवावी ही विनंती. त्या मुलीचा पुढचा प्रश्नही सोबत कळवते : चार आकडी संख्या धरली तर काय होतं? उत्तर नका पाठवू, पुस्तकाचं नाव पाठवा.

आपली नम्र,
ग्रंथपाल