ख्रिस्ती म्हणवून घ्यायचं की नाही

प्रिय मित्रा,

सलाम. तुझा मेसेज वाचला आणि तेव्हाच ठरवलं की याचं उत्तर फोनवर टाइप करून भागणार नाही, म्हणून हे पत्र. तू लिहिलंयस की येशूवरचा विश्वास आहे तसाच आहे, पण यापुढे कुणी विचारलं तर ख्रिस्ती आहे असं सांगणार नाही, नुसतं येशूला मानतो म्हणेन. आपल्या चर्चच्या मंडळीत त्या ताईंना घटस्फोट झाल्यावर संडे स्कूल शिकवू नका असं सांगितलं गेलं, ते तुझ्या जिव्हारी लागलंय हे मला माहितीये. मलाही लागलंय रे. पाच नवरे झालेल्या, ज्यू लोक ज्यांना दूर ठेवायचे त्या शोमरोनी लोकांतल्या बाईशी जो येशू भर दुपारी विहिरीपाशी बसून बोलला, आणि जिच्या तोंडून आख्ख्या गावाला त्याची खबर लागली, त्याच्या नावाने जमणाऱ्या लोकांनी एका बाईला मुलांपुढे उभं राहू नको म्हणावं, याचा राग यायलाच पाहिजे, तो गिळून टाक असं मी अजिबात सांगणार नाही.

पण नाव सोडायचं म्हणतोस ना, तिथे मी अडतो.

इ.स. ११२ च्या आसपास प्लिनी नावाचा एक रोमन गव्हर्नर बिथुनियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, सम्राट त्रायानला पत्र लिहितो. त्याच्यासमोर लोकांना आणलं जायचं आणि तो विचारायचा, तू ख्रिस्ती आहेस का? हो म्हटलं की शिक्षेची धमकी देऊन परत विचारायचा, मग तिसऱ्यांदा, आणि तरीही जो हो म्हणेल त्याला मारून टाकायचा हुकूम. नाही म्हणणाऱ्याने सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस वाहायचा, ख्रिस्ताला शिव्याशाप द्यायचे, की सुटला. हे लोक करतात तरी काय याचा त्याने तपास केला, दोन गुलाम बायकांचा छळसुद्धा केला, आणि हाती काय लागलं? तर ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचं स्तोत्र म्हणतात, आणि शपथ घेतात की चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, कुणी विश्वासाने ठेवायला दिलेलं परत मागितलं तर नाही म्हणणार नाही. बस, एवढंच. मला यातलं ते शेवटचं फार आवडतं, कारण ती धर्मशास्त्राची गोष्टच नाही, दुसऱ्याचे पैसे वेळेवर परत करण्याची आहे.

पुढे ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने हाच विश्वास साम्राज्याचा धर्म ठरवला आणि सगळं उलटंपालटं झालं. ज्या नावापायी जीव जायचा त्या नावाने आता फायदा व्हायला लागला, आणि आपल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ मला तिथेच दिसतं. तुझ्या बाजूचे साक्षीदारही मोठे आहेत हे मान्य. अमेरिकेत गुलामीतून पळालेला फ्रेडरिक डग्लस १८४५ मध्ये लिहितो की गुलाम बाळगणाऱ्यांचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण बघ ना, त्याने दोन्हींतला फरक चव्हाट्यावर मांडला आणि खऱ्यावर माझं प्रेम आहे हेही ठणकावून सांगितलं, नाव त्या मालकांना बहाल करून तो मोकळा झाला नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो माणूस. मार्टिन नीमोलर, जर्मनीतला पाळक. हिटलर आला तेव्हा तिथल्या चर्चमधल्या पुष्कळ लोकांनी त्याचा जयजयकार केला, ज्यू रक्ताच्या पाळकांना काढून टाका म्हणाले, आणि स्वतःला मोठ्या अभिमानाने ख्रिस्ती म्हणवत राहिले. सुरुवातीला नीमोलरलाही हिटलर बरा वाटला होता, पण पुढे तो चर्चमधल्या या प्रकाराच्या विरोधात उभा राहिला, १९३७ मध्ये पकडला गेला आणि थेट १९४५ पर्यंत कैदेत होता, आधी तुरुंगात, मग साक्सेनहाउसेन आणि डाखाउच्या छळछावण्यांत. सुटून आल्यावर त्याला हात झटकता आले असते की नाही? ते सगळे वेगळे, मी वेगळा, माझ्या अंगावर छावणीच्या खुणा आहेत बघा. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये श्टुटगार्टला चर्चच्या पुढाऱ्यांनी जो कबुलीजबाब दिला त्यावर त्याची सही आहे. आमच्यामुळे कितीतरी राष्ट्रांवर, लोकांवर अपार दुःख ओढवलं, आम्ही जास्त धैर्याने उभं राहायला हवं होतं, असं त्यात आहे. ज्यूंचा साधा उल्लेखही त्यात नाही आणि ती उणीव लहान नाहीये, ती भरून निघाली असंही मी म्हणत नाही. पण जो स्वतः आत होता तोही 'आमच्यामुळे' म्हणतोय, इथे मी थांबतो.

तर माझं म्हणणं एवढंच की आज ख्रिस्ती म्हणवून घेणं म्हणजे आपण चांगले आहोत असं जाहीर करणं नव्हे, या नावाखाली जे झालं आणि होतंय त्याचा जाब आपल्याला विचारता येईल अशा जागी उभं राहणं आहे. तू नुसतं येशूला मानतो म्हणालास की तुला कुणी काही विचारणारच नाही, त्या ताईंचं काय केलंत हेही नाही. आणि ज्यांना खरोखर चीड येते ते सगळे असे एकेक करून बाहेर पडले तर आत उरणार कोण? ज्यांना त्यात काही चुकलं असं वाटतच नाही तेच ना? ताईंची माफी मागायची तर 'आम्ही चुकलो' म्हणावं लागेल, आणि बाहेरच्या माणसाला ते म्हणताच येत नाही.

ताईंनी मात्र नाव सोडलेलं नाहीये. त्या अजूनही उपासनेला येतात, मागच्या बाकावर बसतात, आणि संडे स्कूलची लहान मुलं उपासना सुटल्यावर धावत त्यांच्याकडेच जातात, पाठ केलेलं वचन म्हणून दाखवायला.

पुढच्या महिन्यात मंडळीची सर्वसाधारण सभा आहे, तिथे मी हा विषय काढणार आहे. आधी ताईंना विचारीन, त्यांना नको असेल तर नाही काढणार. तू सभासदत्व अजून काढून घेतलेलं नसशील तर ये, तुझ्यासारखं मुद्देसूद मला बोलता येत नाही. आणि मी लिहिलेलं पटलं नसेल तर तसं सरळ लिही, पण लिही नक्की.

तुझाच,
मित्र