काढू नकोस ते कर्ज

देवगड,
२ ऑगस्ट

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार. चिरंजिवांचा पुण्याच्या सीओईपीचा, त्या नामवंत सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचा, नंबर थोडक्यात हुकला आणि घरात सुतक पाळल्यासारखं चाललंय, असं वहिनी सांगत होत्या. आणि तू म्हणे मॅनेजमेंट कोट्यातून पुण्यातल्या कुठल्याशा खाजगी कॉलेजात घालायला फ्लॅटवर कर्ज काढतोयस. फोनवर तू समोरच्याला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय. काढू नकोस. लोणेऱ्याच्या सरकारी तंत्रशास्त्र विद्यापीठात जागा मिळतेय ना, खुशाल पाठव.

नामवंत कॉलेजातली मुलं पुढे जास्त कमावतात, हे खोटं नाही. पण अमेरिकेत स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या दोघा अर्थतज्ज्ञांनी १९७६ साली कॉलेजात शिरलेल्या मुलांची पुढची कमाई तपासली. २००२ साली ते छापून आलं. सारख्याच तोलाच्या कॉलेजांनी ज्यांना प्रवेश देऊ केला होता, अशीच मुलं त्यांनी शेजारी-शेजारी ठेवली. त्यातली काही मोठ्या कॉलेजात गेली, काही साध्या. वीसेक वर्षांनी कमाई जवळपास सारखीच! हुशार पोरं कॉलेज आधीच वेचून घेतं आणि श्रेय आपल्या नावावर मांडतं, दुसरं काय. तुझा पोरगा ज्या डोक्याने कट-ऑफच्या उंबऱ्यापर्यंत गेला, ते डोकं काही तो ठाण्यात ठेवून जाणार नाही.

२०२३ सालचा राज चेट्टी आणि मंडळींचा अभ्यास तू माझ्या तोंडावर फेकशील, ठाऊक आहे. हार्वर्डच्या पंगतीतल्या कॉलेजात गेल्याने कमाईच्या वरच्या एक टक्क्यात पोचायची शक्यता दीडपट होते, असं त्यात आहे. सरासरी कमाईत मात्र फारसा फरक नाही, हेही त्यातच आहे. आणि तू पैसे भरतोयस त्या कॉलेजाचं नाव मला वहिनींना दोनदा विचारावं लागलं!

आता मेख ऐक. डेल-क्रूगरना गरीब घरांतल्या मुलांच्या बाबतीत मात्र मोठ्या कॉलेजाचा फायदा दिसला. नंतरच्या तपासणीत, आईबाप कमी शिकलेले असतील तिथेही. माझ्या डोळ्यांसमोर लगेच आमच्या बंदरावरचा एक तांडेल, मच्छीमार बोट चालवणारा, आला. त्याच्या मुलीला यंदा सीओईपी लागलंय आणि बाप पाठवायला तयार नाही. परवा जेटीवर जाळं शिवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "माका सांग, पुण्याक काय वेगळा शिकवतत? लोणेऱ्याक काय पुस्तका दुसरी?"

पुस्तकं तीच, म्हटलं. पण इंटर्नशिप कुठे शोधायची, मुलाखतीत काय बोलायचं, अडलं तर कुणाला फोन लावायचा, हे तुझ्या पोराला जेवताना कानावर पडतं. तू बँकेत, वहिनी शिक्षिका, मेव्हणा आयटीत. तांडेलाच्या घरात हे सांगणारं कोण आहे? तिला ते हॉस्टेलातच मिळायचं, वरच्या वर्गातल्या पोरींकडून. गाववाले त्याला श्रीधरनचा दाखला देतात. कोकण रेल्वे उभी करणारा माणूस काकीनाड्याच्या सरकारी कॉलेजातला, मग पुणं कशाला? अरे, पण ते रेल्वेत आले स्पर्धा परीक्षा देऊन, आणि परीक्षेला कॉलेजच्या नावाशी देणंघेणं नसतं. खाजगी कंपन्या पहिली चाळण नावाचीच लावतात, आणि त्यातल्या कितीतरी लोणेऱ्यापर्यंत येतच नाहीत.

फीचं त्याला मी समजावलंय. २०२४-२५पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी घरातल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. राहतो हॉस्टेल आणि मेसचा खर्च. मासेमारीचा मोसम बरा गेला तर तो निघेल, असं तांडेलीणच म्हणाली. ती तयार आहे, अडून बसलाय तो हाच.

त्याला खरी भीती आहे ती पोर परक्या शहरात एकटी पडेल ही. तुझा मेव्हणा शिवाजीनगरलाच राहतो ना? हॉस्टेल मिळेपर्यंत मुलगी त्यांच्याकडे राहू शकेल का, विचार. आणि त्यालाच तांडेलाला एक फोन करायला सांग, तू करू नकोस. संध्याकाळी सातनंतर घरी असतो. नंबर वहिनींना पाठवलाय.

तुझा,
बाळू