त्या तंतुकणिका मीच तोडल्या होत्या

प्रिय ताई,

त्या संध्याकाळी तू स्वतःचं काम बाजूला ठेवून माझ्या शेजारी मायक्रोस्कोपसमोर येऊन बसलीस. तेव्हा शरमेनं आभार मानायचे राहून गेले. म्हणून आज सगळ्यांसमोर.

तीन आठवडे मी हवेत होते. लिस्टेरियाचे जिवाणू पेशीत शिरले की मायटोकॉन्ड्रियाचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचे, लांब धागे तुटून त्यांचे कण होतात, हे मला अगदी स्वच्छ दिसत होतं. तू एवढंच म्हणालीस, "जिवाणू न घातलेली प्लेट दाखव." तिच्यातही कणच! मी मायक्रोस्कोपचा लेझर इतका चढवून ठेवला होता की बिचाऱ्या पेशी त्यानेच होरपळत होत्या.

तू रागावली नाहीस. लेझर उतरवलास, दोन फोटोंमधलं अंतर वाढवलंस, नवी प्लेट लावलीस. अंधाऱ्या पडद्यावर सुताचा गुंता सावकाश हलत होता. एक धागा दुसऱ्याला चिकटायचा, तिसरा सुटायचा. तंतुकणिका हा शब्द मी शाळेत घोकला होता, पण त्यात तंतू आहे हे त्या दिवशी कळलं. (कार्ल बेंडाने १८९८ मध्ये ग्रीक नाव घडवलं तेही धागा आणि कण यांवरूनच.)

मग खरा लिस्टेरिया. पहिल्या तासा-दोन तासांत धागे तुटले. लिस्टेरिओलायसिन ओ हे विष न बनवणारा वाण घातला, तर जवळपास काहीच झालं नाही. हे विष पेशीच्या पडद्याला भोकं पाडतं, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं आणि धागे तुटतात. एरवी तुकडे पाडणाऱ्या डीआरपी१ या प्रथिनाची त्याला गरजही लागत नाही. काही तासांनी धागे पुन्हा जुळतात, हे मला सगळ्यात विलक्षण वाटलं.

"प्रत्येक जिवाणू तोडफोडच करतो का?" या माझ्या प्रश्नावर तू वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढलीस. क्लॅमिडियाला पेशीची ऊर्जा हवी असते, म्हणून तो सुरुवातीला धागे शाबूत ठेवायला धडपडतो. लेजिओनेला उलटा: मिटएफ नावाचं प्रथिन पेशीत टोचतो आणि पेशीच्याच डीआरपी१ कडून तुकडे करून घेतो. मायटोकॉन्ड्रियाचं श्वसन मंदावतं आणि पेशीची चयापचयाची घडी जिवाणूच्या सोयीनं बसते. मायटोकॉन्ड्रिया मुळात जिवाणूंचेच वंशज, म्हणून तू या सगळ्याला भाऊबंदकी म्हणालीस. परवा सादरीकरणात मी तो शब्द तुला न विचारता वापरला, तेवढं माफ कर.

आता प्रत्येक प्रयोगात पहिला फोटो जिवाणू नसलेल्या पेशींचा काढते. ते तीन आठवड्यांचे फोटोही पुसले नाहीत. फोल्डरचं नाव 'लेझरचा रोग'.

तुझी,
शेजारच्या टेबलावरची