खुनी लपवला, रहस्य फोडले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत चेटूक आणि खून यांची सांगड घालणाऱ्या नव्या कादंबरीचे परीक्षण प्रसिद्ध झाले आहे. खुन्याचे नाव सांगून वाचकांचा रसभंग करणार नाही, अशी ग्वाही परीक्षणकर्त्यांनी मोठ्या उदारपणे दिली आहे. त्याबद्दल त्यांचे आभार मानावेत, तर त्या ग्वाहीच्या डोक्यावरच ठळक अक्षरांत मथळा विराजमान आहे : ‘अखेर चेटूकच खरे ठरते!’ ज्यांनी अजून पुरवणी उघडलेली नाही, त्यांनी हे पत्रही येथेच सोडून द्यावे.

वाचत असलेल्या पुस्तकाचे परीक्षण ते संपेपर्यंत वाचायचे नाही, हा माझा जुना नेम आहे. पण पान उलटता उलटता मथळा नजरेस पडायचा तो पडतोच. कादंबरीतला हौशी शोधकर्ता टाचण्या टोचलेली बाहुली टेबलावर ठेवून, तिचे कापड कोणाच्या घरातले आणि गाठ डावखुऱ्या हाताची की उजव्या, याची तपासणी करीत होता, तिथवर मी पोहोचलो होतो. मथळा वाचल्यावर ती तपासणी एकदम केविलवाणी वाटू लागली. त्याच्या प्रत्येक तर्कानंतर मनात एकच येई, की या बिचाऱ्याला ठाऊक नाही आणि मला मात्र ठाऊक आहे. उरलेली पाने मी कर्तव्य म्हणून वाचली.

ग्रंथालयातून आणलेल्या एका रहस्यकथेत कोणा महाभागाने पहिल्याच प्रकरणात एका पात्राच्या नावासमोर पेन्सिलीने ‘हाच तो’ असे लिहून ठेवले होते. तेव्हा मी त्याला बरीच दूषणे दिली होती. आता वाटते, तो तुलनेने सज्जन होता. त्याने फक्त ‘कोणी’ हे सांगितले. ‘कसे’ याची उत्सुकता तरी शिल्लक ठेवली.

परीक्षणकर्त्यांच्या ध्यानात न आलेली गोष्ट अशी, की या जातीच्या कादंबरीत रहस्ये दोन असतात. खुनी कोण, हे एक. आणि जे घडले ते माणसाचे कारस्थान की खरोखरीची करणी, हे दुसरे. नेहमीच्या गुप्तहेरकथेत हा दुसरा प्रश्न उद्भवतच नाही. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये गुप्तहेरकथेसाठी जे दहा नियम घालून दिले, त्यांतला दुसराच नियम अमानवी शक्तींना मज्जाव करणारा आहे (आणि नॉक्स स्वतः धर्मोपदेशक होते, ही त्यातली गंमत). लेखक जेव्हा जाणूनबुजून हे कुंपण काढून टाकतो, तेव्हा संशयी शोधकर्ता हरेल की जिंकेल, यावरच सगळा डोलारा उभा असतो. शेरलॉक होम्सची ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही कादंबरी ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ या काळात मासिकातून क्रमशः येत होती. तिच्यातला भयंकर कुत्रा शापातून आला की आणखी कोठून, या शंकेवर तिच्या वाचकांनी महिनोन्‌महिने काढले असतील. त्याचे उत्तर मी येथे देणार नाही. इतके पथ्य शतकभरानंतरही पाळता येते. आपल्याला ते प्रकाशनाच्या महिन्यातही पाळता आले नाही.

मथळे परीक्षणकर्ते देत नसून संपादन विभाग देतो, असे ऐकून आहे. तसे असेल तर परीक्षणकर्त्यांवरचा अर्धा राग मी मागे घेतो. उरलेला अर्धा त्यांच्या शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवला आहे. ‘सेलममध्ये जिवंत जाळल्या गेलेल्या चेटकिणींचा आक्रोश’ त्यांना या पानांतून ऐकू आला म्हणे. अमेरिकेतल्या सेलम येथे १६९२ मध्ये चेटकाच्या आरोपावरून चाललेल्या खटल्यांत १९ जणांना फाशी देण्यात आली, आणि आरोपाला उत्तर देण्यास नकार देणाऱ्या एका वृद्धाला छातीवर दगड रचून मारण्यात आले. जाळले कोणालाच नाही. फाशी गेलेल्यांत पुरुषही होते. ज्या कादंबरीचा नायक पुराव्यावाचून पाऊल पुढे टाकीत नाही, तिच्या परीक्षणात एवढी तपासणी व्हायला हवी होती.

पुढील रविवारी याच लेखकाच्या आधीच्या कादंबरीवर लिहिण्याचे आश्वासन परीक्षणकर्त्यांनी दिले आहे. ती माझ्याकडे आहे आणि अजून वाचायची आहे. तेव्हा मथळ्यात कृपया केवळ पुस्तकाचे नाव छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक