राग ड्यूटीचा, शिक्षा व्हॉलीबॉलला

चि. सुमित,

रविवारी फोनवर तू एवढा चिडला होतास की मला मधे बोलायला चान्सच मिळाला नाही आणि मग नेटवर्कच गेलं, म्हणून आता बसून टाईप करतोय. लांब झालंय, गार्डवरून आलास की निवांत वाच. आई म्हणतेय आधी विचार सर्दी गेली का. विचारलं बघ.

तर तुझं म्हणणं असं की आर्मीत तुमच्या यूनिटच्या व्हॉलीबॉल टीममधली पोरं प्रॅक्टिसला जातात, त्यांना दूध-अंडी जास्तीची, त्यांच्या वाटची नाईट ड्यूटी तुमच्या गळ्यात, आणि वर संध्याकाळी गेम्स परेडला तुम्ही पण हजर पाहिजेच. "बाबा, मी गाड्या रिपेअर करायला भरती झालोय, व्हॉलीबॉल खेळायला नाही," हे तीनदा बोललास. तक्रार खोटी आहे असं मी म्हणणार नाही, सलग दोन रात्री जागलेल्या माणसाला खेळाचं महत्त्व सांगायला गेलं तर तो चप्पलच काढेल. ड्यूटी नीट फिरून लागत नसेल तर कोणत्या तारखेला कोण होतं ते वहीत लिहून ठेव आणि हवालदार साहेबांशी शांतपणे बोल, सगळ्यांसमोर नाही, एकटे असताना. पण राग ड्यूटीचा आणि शिक्षा व्हॉलीबॉलला, असं करू नकोस. पंधरा दिवस झाले तू काही ना काही कारण सांगून ग्राउंड चुकवतोयस, हे तुझ्याच बोलण्यातून कळलं मला.

आणि त्या दुधाचं म्हणशील तर धावपटू मिल्खा सिंग तुझ्याच ईएमईचे, म्हणजे आर्मीच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचे. सिकंदराबादला रंगरूट असताना क्रॉस कंट्री लागली, पहिल्या दहात जो येईल त्याला फटीगमधून, म्हणजे साफसफाई-हमालीच्या कामांतून, सुट्टी आणि जादा दूध. ते सहावे आले. म्हणजे ज्या ग्लासावरून तुझं डोकं फिरलंय त्याच ग्लासासाठी तो माणूस पळाला होता.

सगळे खेळाडू स्पोर्ट्स कोट्यातूनच भरती होतात म्हणालास, तेही बरोबर नाही. अविनाश साबळे, बीडचा, आष्टी तालुक्यातला, बारावी करून साधा जवान म्हणून महार रेजिमेंटला लागला. सियाचीन झालं, राजस्थान झालं, सिक्कीम झालं, 2015 मधे आर्मीच्या क्रॉस कंट्रीत पळाला आणि तिथून पुढे सगळं सुरू झालं. 2022 ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्समधे स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, 8 मिनिटं 11.20 सेकंद, गोल्ड हुकलं फक्त पाच शतांश सेकंदाने! मी रात्री टीव्हीसमोर ओरडलो होतो म्हणून आई अजून बोलते. आणि तो दत्तू भोकनळ, चांदवडकडचा, विहिरी खोदायच्या कामाला जाणारा पोरगा, 2012 ला फौजेत लागला, आपल्या इथे दापोडीच्या सीएमईत, म्हणजे आर्मीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, रोइंगचं वल्हं हातात घेतलं, आधी पाण्याची भीती वाटायची म्हणे, आणि चार वर्षांत रिओ ऑलिंपिकला तेरावा.

पण ही मोठी नावं जाऊ दे. तुला काही मेडल मिळणार नाहीये, तुझी सर्विस नेटच्या खालून जाते हे सोसायटीच्या ग्राउंडवर मी स्वतः बघितलंय.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही बहुतेक. तू नववीत होतास, दिवाळीत आपल्या सोसायटीची माणसं फराळ घेऊन खडकीच्या पॅराप्लेजिक होममधे गेलो होतो, तू क्लास आहे म्हणून आला नाहीस. तिथे मणक्याला मार बसलेले जवान राहतात, 1974 पासून आहे ते. आत हॉलमधे टेबल टेनिस चालू होतं. व्हीलचेअरवरच्या एकाची बोटं मिटतच नव्हती, तर दुसरा माणूस क्रेप बँडेजने बॅट त्याच्या तळहाताला बांधत होता आणि हा म्हणत होता, "और टाईट, और टाईट." आमचे सेक्रेटरी चकलीचा डबा हातात घेऊन, आपण लहान मुलाशी बोलतो ना तशा आवाजात, "वा वा, फार छान खेळता हां" वगैरे. तो म्हणाला, "आइये अंकल, एक गेम हो जाए." सेक्रेटरी, दोन हात दोन पाय शाबूत, 11-2 ने हरले. त्यातले दोन पॉईंट पण मला वाटतं त्याने सोडले. नंतर एक बॉल नेटमधे गेला तर अशी शिवी हासडली की आमच्यातल्या बायका दाराकडे बघायला लागल्या. घरी येताना बसमधे सगळे गप्प होते, मी मात्र त्या बँडेजचाच विचार करत होतो. रोज कोणीतरी ते बांधत असेल, रोज सोडत असेल.

वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर तुला माहितीये, रेसकोर्सकडून जाताना लागतं. होकातो सेमा या जवानाचा पाय 2002 ला काश्मिरात सुरुंगात गेला आणि गोळाफेक सुरू केली 2016 ला, त्या सेंटरमधल्या एका अधिकाऱ्याने सुचवलं म्हणून. पॅरिस पॅरालिंपिकला 2024 मधे ब्राँझ. लोक मेडल मोजतात, मी ती मधली चौदा वर्षं मोजतो. आणि आपले मुरलीकांत पेटकर, इस्लामपूरचे, ते पण ईएमईच! आर्मीत बॉक्सिंग करायचे, 1965 च्या लढाईत गोळ्या लागल्या, आणि 1972 ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकला 50 मीटर पोहण्यात 37.33 सेकंदात गोल्ड. आधी खेळलेलं अंग होतं म्हणून पाण्यात तगलं, असं आपलं माझं मत, डॉक्टर काय ते सांगतील.

आता खरं सांगतो मी हे का लिहितोय. मार्चमधे तू एकदा फोन केला होतास, कॅप्टन साहेबांचा स्मॅश तू ब्लॉक केलास आणि बॉल त्यांच्याच तोंडावर बसला, सगळं ग्राउंड एक सेकंद गार, आणि मग साहेबच आधी हसले. हे सांगताना तू इतका हसत होतास की निम्मं मला कळलंच नाही, आईला फोन दिला तर तिलाही नीट सांगता येईना तुला. दिवसभर सॅल्यूट मारायचा आणि संध्याकाळी त्याच माणसाला नेटवर अडवायचं, आमच्या फॅक्टरीत मला हे तीस वर्षांत कधी जमलं नाही, साहेब तो साहेबच राहिला शेवटपर्यंत. त्यानंतर तू फोनवर हसलेला मला तरी आठवत नाही. जेवलास का, हो. झोप होते का, हो. मोबाईल बघत पडलोय. एवढंच.

म्हणून आठवड्यातून तीन दिवस तरी जा. झोप नसेल झाली तर बाहेर बसून स्कोअर लिही, पण खोलीत पडून राहू नकोस.

शूज पाठवलेत, नऊ नंबर, सोल जरा जाड बघून घेतलाय. आईने डिंकाचे लाडू दिलेत, टीमवाल्यांना पण दे, त्यांच्याशी भांडण असलं तरी. आणि कॅप्टन साहेबांनी बदला घेतला की नाही ते रविवारी सांग.

तुझा,
बाबा