बाबांच्या ‘कपबशा विसळतेस’ला उत्तर

मेलबर्न,
आषाढी एकादशी

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. थंडी आहे, पण स्वेटर घालते आणि वेळेवर जेवते. आज साबुदाणा मिळाला, दाण्याचं कूटही.

बाबा, ‘एवढं शिकून कपबशा विसळतेस’ असं तुम्ही फोनवर म्हणालात. कपबशा मशीन विसळतं. माझं काम कॉफी करायचं, आणि ते येरागबाळ्याचं नाही. पंधरवड्याला 48 तासांच्या वर करायला व्हिसाच परवानगी देत नाही, तेव्हा अभ्यास बुडायचा प्रश्नच नाही.

सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी ग्राइंडर किती बारीक दळेल ते लावून घ्यायचं. आमचं माप म्हणजे 20 ग्रॅम पूड आणि 25 ते 30 सेकंदांत 40 ग्रॅम कॉफी. पंधरा-सोळा सेकंदांतच भरभर उतरली तर पूड जाड राहिली. ती कॉफी आंबट आणि पाणचट लागते. चाळीस सेकंद झाले तरी थेंब थेंबच पडत असेल तर पूड फार बारीक, कॉफी कडू. मग ग्राइंडर किंचित फिरवून पुन्हा वजन, पुन्हा घड्याळ. दुपारी हवा बदलली, ग्राइंडर तापला किंवा बियांचं नवं पाकीट फोडलं की सकाळचं माप चालत नाही. बिया कालच भाजलेल्या असतील तर आणखी पंचाईत, कारण त्यांच्यातला वायू पाण्याला पुडीत नीट मुरू देत नाही. आठवडाभर थांबलेल्या बऱ्या.

मशीनच्या चाळणीत पूड भरून दाबताना ताकद लागते असं सगळ्यांना वाटतं. खरं तर ती सपाट बसली पाहिजे. तिरकी बसली की 9 बार (हवेच्या साधारण नऊपट) दाबाचं पाणी पातळ बाजूनेच पळतं. बाबा, वाफ्यात सोडलेलं पाणी उंदराच्या बिळातून निघून जातं ना, अगदी तसं. एका बाजूचा सगळा अर्क ओढला जातो, दुसरी बाजू कोरडीच, आणि कप एकाच वेळी आंबटही आणि कडूही.

दूध फ्रिजमधलं थंडगार घ्यायचं. वाफेच्या नळीचं टोक दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम लावून तीन-चार सेकंद चर्र आवाज येऊ द्यायचा, मग टोक थोडं खाली नेऊन दूध भोवऱ्यासारखं फिरवायचं. 60 ते 65 अंशांवर बंद. 70 च्या पुढे गोडवा जातो आणि उतू गेलेल्या दुधासारखा वास येतो. आई, तुझ्या सायीला इथे जागा नाही! नळी लगेच ओल्या फडक्याने पुसून वाफ सोडायची. नाही तर ती गार होताना दूध आत ओढते आणि आतच वाळतं. हे जो विसरतो त्याला मी चांगला बरिस्टा (कॉफी करणारा) म्हणणार नाही, कपावर दुधाच्या फेसाचा हंस काढता येत असला तरी.

एक गोष्ट मात्र मला अजून पचलेली नाही. इथली माणसं ‘मॅजिक’ मागतात. बऱ्याच ठिकाणी पाटीवर हे नाव नसतं, तरी मागतात. पूड तेवढीच, पण कॉफी अर्ध्यातच थांबवून घट्ट घ्यायची, 160 मिलीच्या कपात ओतायची आणि दूध पाऊण कपापर्यंतच. वरचा पाव कप मुद्दाम रिकामा! आपल्याकडे कटिंग घेतला तर पैसेही कमी. इथे पाऊण कपाला पैसे पूर्ण, आणि माया म्हणून काठोकाठ भरलात तर ‘ही फ्लॅट व्हाइट झाली’ (म्हणजे भरल्या कपाची नेहमीची दुधाची कॉफी) म्हणून परत. सिडनीत मागितली तर पुष्कळ ठिकाणी तोंडाकडे बघतील. मी कारण विचारून पाहिलं. ‘असंच प्यायचं असतं’ एवढंच उत्तर मिळालं.

आई, मनगट दुखत नाही. कोपर सरळ वर ठेवून दाबलं की दुखत नाही. बूट चांगले घेतलेत. (महाग होते, पण सेलमध्ये.)

कर्जाचा या महिन्याचा हप्ता पाठवला आहे. पुढचा आठ-दहा दिवस उशिरा येईल, बँकेला तसं कळवा. सांगलीच्या स्थळाला ‘मुलगी शिकतेय’ एवढंच सांगितलंत असं ताई म्हणाली. कॉफीचंही सांगा, लपवण्यासारखं काही नाही. आणि ताईच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. तिकिटाचे पैसे दिले तर हप्ता राहतो. तिला मी स्वतः सांगेन, तुम्ही आधी बोलू नका. त्या दिवशी फोन भिंतीला टेकवून नीट ठेवा. गणपतीत मला नुसता पंखा दिसत होता.

तुमची,
मनू