सूचना : जहाज कोचीला शनिवारी लागणार

सभासदहो, मुंबईहून निघणारं आपलं जहाज कोचीला शनिवारी लागतंय. मट्टांचेरीचं १५६८ सालचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ त्या दिवशी बंद असतं, तेव्हा तिकडचा हट्ट नको. शेजारचा डच राजवाडा बघा (बांधला पोर्तुगीजांनी, डागडुजी डचांची, नावही डचांचंच!), रामायणाच्या भित्तिचित्रांना वेळ द्या. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ मध्ये पुरलं होतं. अस्थी पुढे पोर्तुगालला गेल्या, कबरीचा दगड तेवढा तिथे आहे.

जहाज कुणासाठी थांबत नाही. सुटायच्या तासभर आधी धक्क्यावर या. मूळ आधारकार्ड हवं, झेरॉक्स नको. संकेश्वर-निपाणीकरांनी बेळगावला न येता आपली मुंबईची बस हायवेवरच धरावी. कुंदा बसमध्येच संपवा.

– सहल समिती